दंतमूळ-शल्यक्रियेतील हिरडीची जखम : भरण्याच्या निकषाची चिकित्सा

रूट कॅनाल उपचारानंतरही दाताच्या मुळाशी संसर्ग राहिल्यास हिरडी उघडून मुळाचे टोक कापावे लागते. हिरडी कोणत्या छेदाने उघडावी, याचा निर्णय पुष्कळदा जखम किती लवकर मिटते यावर सोपविला जातो. हा निकष अपुरा आहे.

हॅरिसन व जुरोस्की यांनी 1991 मध्ये रीसस माकडांवर दोन छेदांचा अभ्यास केला. एक दातालगतच्या खाचेतून घेतलेला, दुसरा हिरडीच्या कडेपासून दूर घेतलेला. निरीक्षण 28 दिवसांपर्यंतचे होते व दोन्ही जखमा समाधानकारकपणे सांधल्या. एवढ्यावरच थांबल्यास खाचेतील छेद निर्दोष ठरतो.

व्हेल्वार्ट यांनी 2002 मध्ये दोन दातांमधील हिरडीच्या टोकाच्या पायथ्याशी छेद घेण्याची पद्धत मांडली. पुढे वर्षभर केलेल्या तुलनेत खाचेतील छेदानंतर या टोकाची उंची सुमारे 1 मि.मी. घटलेली आढळली, पायथ्याच्या छेदानंतर ही घट नगण्य होती. म्हणजे महिन्याभरात ‘भरलेली’ जखम वर्षानंतरही दातांमध्ये फट ठेवू शकते. अशा फटीत अन्न अडकते आणि गेलेले टोक पूर्ववत करणे कठीण असते.

तथापि या पद्धतीलाही मर्यादा आहेत. ती मोजक्या रुग्णांवर तपासली गेली. तिला अतिसूक्ष्म टाके व सिद्धहस्तता लागते. कडेपासून दूरचा छेद व्रण ठेवू शकतो व त्यासाठी हिरडीची पुरेशी रुंदी हवी. मुळाला तडा असल्याची शंका असल्यास खाचेतील छेदच सोयीचा.

या विवेचनाचे महत्त्व तिवसा तालुक्यासारख्या ग्रामीण भागात अधिक जाणवते. अमरावतीस जाऊन शल्यक्रिया करून घेणाऱ्या शेतमजुराच्या लेखी टाके निघाले, ठणका थांबला की उपचार संपतो. मजुरी बुडवून वर्षाने केवळ तपासणीसाठी येणे त्याला परवडत नाही. त्यातच विदर्भात खर्रा सर्रास खाल्ला जातो आणि तंबाखू जेथे दाबून ठेवतात तेथील हिरडी मागे सरकते. अशा हिरडीचे वर्तन निरोगी माकडांच्या हिरडीवरून ताडणे धाडसाचे होय.

सारांश, टाके काढण्याचा दिवस हा यशाचा दाखला नव्हे. छेदाचे मूल्यमापन किमान वर्षभराने आणि येथील रुग्णांच्या हिरडीवर झाले, तरच ते येथील रुग्णांच्या उपयोगी पडेल.