सत्ताविसाव्या आठवड्याची कथा

आपल्या कथा-कवितांतली आई आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. ती फजरच्या आधी उठते, चूल पेटवते, मुलांना मदरशात आणि शाळेत धाडते, रात्री शिवणयंत्रावर बसते आणि शेवटच्या परिच्छेदात पदराने डोळे पुसते. तिच्याविषयी लिहिताना आपल्या लेखकांचा गळा दाटून येतो. हा गहिवर खोटा नाही. परंतु या आईला कुणी काही विचारले, तिने स्वतः काही ठरवले, असा प्रसंग या लेखनात आम्हाला क्वचितच भेटतो.

असा प्रसंग आज आपल्या घरांत घडतो आहे. डी.एड. होऊन शिक्षिका झालेली, नर्सिंग केलेली, बँकेत लागलेली मुलगी बाळंतपणासाठी माहेरी येते. अकीका होतो, चिल्ला उलटतो, रजा संपत येते. मग कुजबुज सुरू होते. बाळाला कोण सांभाळणार? सासू म्हणते, आपल्या घरात काय कमी आहे? नवरा गप्प बसतो. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने १२ आठवड्यांची रजा दिली होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली. कायदा इथवर आला. सत्ताविसाव्या आठवड्यात घरात काय होते, हे सांगणे साहित्याचे काम आहे. आपल्या कथेने ते अद्याप मनावर घेतलेले नाही.

जिथे हा विषय येतो तिथे दोन साचे दिसतात. एकात नोकरी करणाऱ्या बाईच्या मुलाला ताप भरतो आणि तिला उपरती होते. दुसऱ्यात, म्हणजे पुरोगामी म्हणवणाऱ्या कथेत, नोकरी म्हणजे मुक्ती आणि घर म्हणजे कैद. दोन्ही ठिकाणी निकाल लेखकाचाच असतो. बाई फक्त तो पाळते.

सत्यजित राय यांचा 'महानगर' (१९६३) हा चित्रपट नरेंद्रनाथ मित्र यांच्या बंगाली कथेवर आधारलेला आहे. त्यातली आरती लहान मुलाला घरी ठेवून कामाला लागते. निवृत्त शिक्षक असलेले सासरे नाराज होतात, मूल रुसते, नवऱ्याचा अहंकार दुखावतो, पुढे त्याचीच नोकरी जाते. इथे कुणीही खलनायक नाही. प्रत्येकाला बोलायला जागा आहे, म्हणून आरतीचा निर्णय तिचा वाटतो. आपल्याकडे मलिका अमर शेख यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) या आत्मकथनात संसार, मूल, पैशांची चणचण आणि स्वतःची कविता यांची ओढाताण आडपडदा न ठेवता लिहिली. त्या पुस्तकातल्या वादळाची चर्चा पुष्कळ झाली. त्यातल्या आईच्या हिशेबाची मात्र व्हायला हवी तेवढी झाली नाही.

'घरी राहणारी आई' हा शब्दप्रयोगही तपासायला हवा. सोलापुरात उंबऱ्यात बसून विड्या वळणारी, इचलकरंजीत कांड्या भरणारी, मुंबईच्या झोपडपट्टीत जरीकाम करणारी बाई मूल मांडीवर घेऊनच कमावते. मुस्लिम कष्टकरी स्त्रिया मोठ्या प्रमाणात घरबसल्या कामात आहेत, हे सच्चर समितीने २००६ साली नोंदवले. त्या कामावरून कधी रजेवर गेल्याच नाहीत, मग परतणार कुठून? नोकरी की घर हा प्रश्न ज्यांच्यापुढे उभाच राहत नाही, त्यांचीही कथा आपल्याकडे अपुरी आहे.

या वादात धर्माचे नाव सहज घेतले जाते, म्हणून एक आठवण देणे आम्हाला भाग आहे. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याची मुदत पूर्ण करायची असेल तर दोन वर्षांची सांगितली आहे आणि आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. त्याचबरोबर मुलामुळे आईला त्रास होऊ नये, मुदतीआधी दूध सोडवायचे असेल तर दोघांनी परस्परांच्या संमतीने आणि सल्लामसलतीने ठरवावे, असेही म्हटले आहे. दूध पाजण्याचे काम मोबदला देऊन दुसरीकडे सोपवण्याचीही मुभा आहे. आपल्या कथांत सासूचा हुकूम आहे, नवऱ्याचे मौन आहे, बाईचे अश्रू आहेत. ही सल्लामसलत मात्र नाही.

आम्हाला याची बोच आणखी एका कारणाने आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर अनेक नव्या मुलींनी लिहायला सुरुवात केली. एखादीच्या दोन-तीन चांगल्या कथा येतात, पत्रे येतात, मग निकाहाची बातमी येते, पुढे बाळाची. त्यानंतर अनुक्रमणिकेत तिचे नाव दिसत नाही. आम्ही दुसरे नाव शोधतो. लेखन हेही काम आहे आणि तिने ते सोडले की तिच्याकडून सुटले, हे आम्ही कधी विचारले नाही. घरच्यांना दोष देण्याआधी ही चूक आम्ही आमच्या पदरी घेतो.

अशा लेखिकांची जुनी पत्रे आमच्याकडे आहेत. यंदा त्यांना आम्ही पुन्हा लिहिणार आहोत. कथा मागण्याआधी विचारणार आहोत : लिहायला वेळ कधी मिळतो, आणि तेवढा वेळ बाळाला कोण घेते?