पॉझिटिव्ह आलं म्हणजे अ‍ॅलर्जी आहे का? डेन्व्हरच्या १२५ मुलांचा निबंध वाचताना

समजा, तुमच्या दीड-दोन वर्षांच्या मुलाने दाण्याचा लाडू खाल्ला आणि थोड्या वेळाने अंगावर गांधी उठल्या. तुम्ही घाबरलात, रक्त तपासून घेतलं. चाळीस पदार्थांचं 'फूड अ‍ॅलर्जी पॅनेल' आलं आणि त्यात नऊ पदार्थांपुढे 'पॉझिटिव्ह'. शेंगदाणा आहेच, पण दूध, गहू, अंडं, हरभरा डाळ, टोमॅटो, आणि कोळंबीसुद्धा. तुमच्या घरात मासे शिजतही नाहीत, तरी कोळंबी. त्या दिवसापासून नऊच्या नऊ पदार्थ बंद होतात. आता त्या मुलाने खायचं काय? भात आणि केळं.

आजचं लिखाण त्या कागदाबद्दल आहे, आणि त्या कागदाच्या विरोधात नेहमी पुढे केल्या जाणाऱ्या एका शोधनिबंधाबद्दलही. माझी तक्रार दोघांबद्दल आहे. निबंधाबद्दलची लहान आहे, पण ती फारशी कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून तिला जास्त जागा देणार आहे.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. पीएचडी संपल्यावर नावामागे 'डॉ.' लागेल, तरीही त्या अर्थाने होणार नाही. माझा विषय निदान-चाचण्यांचं संख्याशास्त्र आहे. म्हणजे चाचणी 'हो' म्हणते तेव्हा ते 'हो' कितपत खरं, एवढंच मी दिवसभर मोजत असते.

तर, रक्ताची चाचणी नक्की काय मोजते? आयजीई नावाची प्रतिपिंडं. आयजीई सापडलं याचा अर्थ शरीराने तो पदार्थ 'ओळखून' ठेवलाय. ओळखून ठेवलेला पदार्थ खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. ओळख म्हणजे भांडण नव्हे. कोळंबीचंच बघा. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन घरातल्या धुळीतल्या किड्यांच्या आणि झुरळांच्या प्रथिनाशी मिळतंजुळतं असतं. धुळीची संवेदनशीलता असलेल्या मुलाने आयुष्यात कोळंबी पाहिली नसली, तरी कागदावर ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

हा फरक किती मोठा असू शकतो, याचे आकडे आपल्या शेजारचेच आहेत. 'युरोप्रिव्हॉल' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या भारतीय भागात बेंगळुरू-म्हैसूर परिसरातल्या प्रौढांची २४ पदार्थांसाठी तपासणी झाली. निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. किमान एका पदार्थासाठी आयजीई सापडलेली माणसं २६.५ टक्के होती. तोच पदार्थ खाऊन पटण्याजोगा त्रास होतो आणि त्याच पदार्थाचं आयजीईही आहे, अशी माणसं १.२ टक्के. पुन्हा वाचा: शंभरातल्या सव्वीस जणांचा कागद पॉझिटिव्ह, आणि अ‍ॅलर्जी असण्याची खरी शक्यता साधारण एकाला.

यात प्रयोगशाळेची चूक आहे असं नाही, हे गणितच तसं आहे. सोयीसाठी गृहीत धरलेले आकडे घेऊ. एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी हजार मुलांत दहांना आहे. चाचणी दहापैकी दहाही पकडते, पण अ‍ॅलर्जी नसलेल्या प्रत्येक दहा मुलांमागे एकाला उगाच 'पॉझिटिव्ह' म्हणते. म्हणजे ९९० निरोगी मुलांतली ९९ अडकली. एकूण पॉझिटिव्ह १०९, खरी दहा. हे झालं एका पदार्थाचं. असे चाळीस पदार्थ एकदम तपासले, तर एकही लाल खूण न येणं हेच नवल. म्हणून चाचणी मागवण्याआधी संशय एखाद-दुसऱ्या पदार्थावर आणायचा असतो. आधी कागद मागवून मग त्यातून संशयित निवडणं, हा उलटा तपास झाला.

(आयजीजी किंवा आयजीजी-४ मोजणारी 'फूड इनटॉलरन्स' पॅनेलं हा तर वेगळाच प्रकार. त्यात लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्या छान दिसतात. पण आयजीजी-४ एवढंच सांगतं की हा पदार्थ पोटात जात आलाय. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्येच स्पष्ट म्हटलं की निदानासाठी ही चाचणी वापरू नये. यावर अधिक शब्द खर्च करत नाही.)

आता निबंध. डेन्व्हरच्या नॅशनल ज्युइश हेल्थ या रुग्णालयातून डेव्हिड फ्लायशर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. १२५ मुलं, वय १ ते १९, मध्यक वय ४. बहुतेकांना एक्झिमा. मुलं तिथे आली तेव्हा अनेक पदार्थ आधीच बंद केलेले होते. कुणाचे रक्ताच्या कागदावरून, कुणाचे पूर्वीच्या त्रासावरून. डॉक्टरांनी त्यांना 'फूड चॅलेंज' दिलं. म्हणजे देखरेखीखाली, आपत्कालीन औषधं हाताशी ठेवून, तोच पदार्थ अगदी थोडा द्यायचा, थांबायचं, मग वाढवत वाढवत पूर्ण वाटीपर्यंत न्यायचं आणि बघत राहायचं. एकूण ३६४ चॅलेंज झाली. ३२५ मध्ये, म्हणजे ८९ टक्क्यांमध्ये, काहीही झालं नाही. पदार्थ का टाळला होता त्यानुसार बघितलं, तर टाळलेल्या पदार्थांपैकी ८४ ते ९३ टक्के पुन्हा ताटात आले.

निबंधाचा गाभा मला मान्य आहे: अ‍ॅनाफिलॅक्सिसचा इतिहास नसताना केवळ रक्तावरून मुलाचं खाणं तोडू नका. हे वाक्य प्रत्येक पॅनेलच्या तळाशी छापलं पाहिजे, असं माझं मत आहे.

पण या ८९ चं पुढे काय होतं ते बघा. एका सेमिनारमध्ये मी स्वतः ऐकलं: 'दहातल्या नऊ अ‍ॅलर्जी खोट्या असतात.' निबंध असं म्हणत नाही, म्हणूही शकत नाही. हा जुने केसपेपर काढून केलेला अभ्यास आहे आणि त्यात तीच मुलं आहेत ज्यांना चॅलेंज दिलं गेलं. कुणाला द्यायचं ते कोण ठरवतं? डॉक्टर. ज्या मुलाला मागच्याच महिन्यात शेंगदाण्याने श्वास लागला होता, त्याला कुठलाही शहाणा डॉक्टर पुन्हा शेंगदाणा भरवून बघणार नाही. म्हणजे खात्रीची अ‍ॅलर्जी या यादीत यायची शक्यता मुळातच कमी. उरलेल्या 'बहुधा काही होणार नाही' गटात नऊदशांश वेळा काही झालं नाही, हे त्या डॉक्टरांच्या निवडीचं कौतुक आहे. तुमच्या मुलाच्या अ‍ॅलर्जीचा अंदाज म्हणून तो आकडा वापरता येणार नाही.

शिवाय ही मुलं एका नावाजलेल्या रुग्णालयात, बहुतेक एक्झिमा घेऊन पोचलेली. एक्झिमाच्या मुलांत आयजीई तसंही भरमसाट सापडतं, त्यामुळे खोटे पॉझिटिव्ह इथे जास्त दिसणारच. अजून एक: 'पदार्थ परत आले' हे डिस्चार्जच्या क्षणाचं वर्णन आहे. घरी गेल्यावर आईने ते खरंच दिले का? दोन वर्षं भीतीने टाळलेलं अंडं एका सकाळच्या चाचणीनंतर बिनधास्त भरवता येतं का? माझ्या मते खरा प्रश्न इथे सुरू होतो, आणि निबंध इथेच थांबतो.

आणि उरलेली ३९ चॅलेंज? त्यांत त्रास झाला. रुग्णालयात झाला म्हणून ठीक. '८९ टक्के' ऐकून एखाद्याने घरीच वाटी पुढे केली, तर या ३९ पैकी एखादं आपल्या स्वयंपाकघरात घडेल. श्वासाला घरघर, आवाज बसणं, पुन्हा पुन्हा उलट्या, मूल एकदम मलूल होणं, यांतलं काहीही दिसलं तर थेट इस्पितळ. तिथलं पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिन. अ‍ॅलर्जीचं सिरप पाजून वाट बघत बसायचं नाही.

'मग राहू दे बाई, सगळंच बंद ठेवू, नुकसान काय?' हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकते. आपल्याकडे पथ्य हे पुण्यासारखं असतं, कितीही पाळलं तरी वाईट नाही. इथे मात्र नुकसान होतं, आणि ते वजनाच्या काट्यापुरतं नसतं. शिकागोच्या एका गटाने २०१६ मध्ये २९८ मुलांच्या नोंदी तपासल्या. अन्नाने एक्झिमा वाढतो म्हणून ज्यांचे पदार्थ बंद केले होते, पण ज्यांना आधी त्या पदार्थाने कधीच तडकाफडकी त्रास झाला नव्हता, त्यांच्यापैकी १९ टक्के मुलांना पदार्थ बंद केल्यानंतर नव्याने तशी प्रतिक्रिया आली. हाही केसपेपरवरचाच अभ्यास आहे, त्यामुळे बंद केल्यामुळेच असं झालं हे तो सिद्ध करत नाही. पण दिशा लक्षात घ्या. जो पदार्थ मूल विनातक्रार खात होतं, तो कागद बघून काढून घेणं हा बिनधोक निर्णय नाही.

याच दिशेचा भक्कम पुरावा लंडनच्या 'लीप' प्रयोगाचा, २०१५ सालचा. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं, चिठ्ठी टाकावी तशी दोन गटांत वाटलेली. सुरुवातीला त्वचा-चाचणी निगेटिव्ह असलेल्यांपैकी शेंगदाणा टाळणाऱ्या गटात पाच वर्षांच्या वयाला १३.७ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती, नियमित खाणाऱ्या गटात १.९ टक्के. या प्रयोगाचाही आपल्याकडे विपर्यास होतोच: 'थोडं थोडं देत राहा, सवय होईल.' लीप हा अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून केलेला प्रयोग होता. त्वचेवर मोठी गांध उठलेल्या बाळांना त्यात घेतलंच नव्हतं. ज्या मुलाला लाडवाने गांधी उठल्या, त्याच्यासाठी हा सल्ला नाही.

भारतीय मुलांचे आकडे विचाराल, तर त्याच युरोप्रिव्हॉलमध्ये ७ ते १० वर्षांच्या भारतीय मुलांत संभाव्य अन्न-अ‍ॅलर्जी ०.१४ टक्के निघाली. फारच कमी. पण या आकड्यावरही मी दोन वर्षांच्या मुलाचा निर्णय घेणार नाही. दुधाची आणि अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर जाते, म्हणजे सातव्या वर्षी मोजायला जाल तेव्हा ती बरीचशी आटोपलेली असते.

मग हाती उरतं काय? मुलाला प्रत्यक्षात काय झालं, ते. आणि इथे आपली भाषा थोडी आड येते. 'त्याला दूध बाधतं', 'अंडं सोसत नाही', 'पित्त उठलं', 'उष्ण पडलं', हे सगळं आता आपण 'अ‍ॅलर्जी' या एकाच शब्दात कोंबतो. जुलाब होऊन गेल्यावर काही दिवस दूध न पचणं ही अ‍ॅलर्जी नाही, ती आतड्याची तात्पुरती अडचण. टोमॅटोचा रस लागून तोंडाभोवती आलेली लाली बहुतेकदा नुसती जळजळ असते. साध्या विषाणूच्या तापातही अंगभर गांधी उठतात. याउलट, दूध प्यायल्यावर दोन-तीन तासांनी ओकाऱ्यांवर ओकाऱ्या आणि पांढरंफटक पडणं ही खरी अ‍ॅलर्जी असू शकते, आणि तिच्यात आयजीईचा कागद निगेटिव्ह येतो. म्हणजे कागद दोन्ही बाजूंनी चुकू शकतो.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना फाइलच्या आधी वही उघडा. काय खाल्लं, किती, कच्चं की शिजलेलं. किती मिनिटांनी काय दिसलं (आयजीईची प्रतिक्रिया सहसा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत येते). किती वेळ टिकलं. त्याच दिवशी ताप किंवा नवीन औषध होतं का? तोच पदार्थ आधी किंवा नंतर खाल्ला, तेव्हा काय झालं? गांधींचा फोटो काढून ठेवा, तपासणीच्या खोलीत पोचेपर्यंत त्या गेलेल्या असतात.

आपल्या उदाहरणातल्या मुलाचं या वहीवरून बघू. शेंगदाणा: खाल्ला, थोड्या वेळात गांधी, कागदही पॉझिटिव्ह. हे गंभीर आहे. डॉक्टर सांगेपर्यंत पूर्ण बंद, आणि मराठी घरात हे सोपं नाही, कारण दाण्याचं कूट कोशिंबिरीत असतं, भरल्या वांग्यात असतं, उपवासाच्या खिचडीत तर असतंच. आजी, पाळणाघर, शेजारच्या काकू, सगळ्यांना सांगावं लागेल. दूध, गहू, डाळ: लाडवाच्या आदल्या दिवसापर्यंत मूल रोज खात होतं आणि काही होत नव्हतं. मग हे कशावरून बंद केलंत, असं डॉक्टरांना नक्की विचारा, आणि फार दिवस जाऊ न देता विचारा. अंडं अजून दिलेलंच नसेल, तर पहिल्यांदा घरी द्यायचं की रुग्णालयात, हेही त्यांनाच ठरवू द्या. कोळंबीचा प्रश्न तुमच्या घरापुरता मिटलेलाच आहे.

आणि जो पदार्थ खरोखर बंद करावा लागेल, त्याच्यापुढे एक तारीख लिहून घ्या: पुन्हा कधी तपासायचं.