निसर्गछायाचित्रणाची दूरस्थ तालीम

आज महाराष्ट्राच्या रानांत पूर्वी कधी शिरले नसतील इतके कॅमेरे शिरतात. आणि तरीही ताडोब्याचे वाघ, भिगवणचे रोहित व कासची फुले यांची जी छायाचित्रे वर्षानुवर्षे आपल्यापुढे येतात, त्यांखालची नावे पुसून टाकली तर एकाचे चित्र दुसऱ्याच्या नावावर बिनतक्रार खपून जाईल, अशी या कलेची अवस्था आहे. तिला नव्या प्रेरणेची गरज आहे, याविषयी जाणकारांत मतभेद नसावा. ती कोठून यावी, एवढाच प्रश्न आहे. संगणकाच्या पडद्यावर भरणाऱ्या निसर्गछायाचित्रणाच्या कार्यशाळांतून ती येऊ शकेल, आणि काही अंशी येतही आहे, असे माझे मत झाले आहे.

हिंदुस्थानात ही कला प्रथम वाढली ती रानाच्या ज्ञानावर. वनखात्यातील अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या नित्याच्या वाटेवर तार ताणून, त्याच्याच पावलाने कॅमेरा चालावा अशी तजवीज केली आणि ती रात्रीची चित्रे १९२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्या चित्रांत यंत्राच्या माहितीपेक्षा वाघाच्या वाटांची माहिती अधिक मोलाची होती. मद्रासचे एम. कृष्णन कृष्णधवल चित्रांवरच निष्ठा ठेवून राहिले, आणि हत्तीविषयी लिहिताना जी सूक्ष्म दृष्टी त्यांच्या लेखणीत दिसे तीच त्यांच्या चित्रांतही उतरली. बंगळूरला टी. एन. ए. पेरुमाळ यांच्यासारख्या ज्येष्ठांजवळ बसून पुढची पिढी शिकली. परंतु ज्येष्ठांजवळ बसण्याचे हे भाग्य मोठ्या शहरांपुरतेच होते. परभणीच्या वा गडचिरोलीच्या होतकरू छायाचित्रकाराला पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे, नाहीतर अभयारण्यातील महागड्या शिबिराचे शुल्क भरावे लागे. आणि तेथेही जीपमधून वाघ दिसला की शिकवणे थांबे व चित्रे टिपणे सुरू होई.

२०२० साली टाळेबंदीमुळे रानांचे दरवाजे बंद झाले, शिकवणारे व शिकणारे दोघेही घरी अडकले, आणि तूर्तातूर्त म्हणून सुरू झालेल्या दूरस्थ वर्गांचा पुढे शिरस्ताच पडला. वाघ समोर नाही, पहाट निसटून जाण्याची धास्ती नाही, अशा स्थितीत एकेका चित्रापुढे स्वस्थपणे थांबण्याची जी मुभा या वर्गांना मिळाली, तीच त्यांची खरी देणगी होय.

मी पाहिलेल्या एका वर्गात साताऱ्याकडच्या एका शिक्षिकेने कासच्या पठारावरचे चित्र मांडले होते. ‘सीतेची आसवे’ या फुलांचा जांभळा विस्तार उभ्याने, वरून टिपलेला होता. असे चित्र आपण शेकड्यांनी पाहिलेले आहे. शिकवणाऱ्याने स्तुती वा निंदा न करता चित्राचा उजवा कोपरा मोठा केला. तेथे गेंदाच्या पांढऱ्या बोंडांमधून एकच निळसर फूल कलले होते आणि त्याच्या पाकळीच्या कडेला पाण्याचा थेंब अडकला होता. चित्र येथे होते, आपण ते ओलांडून गेलात, एवढेच ते म्हणाले. मग वर्गात उपस्थित असलेल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने सांगितले की त्या निळसर फुलाची ही इवलीशी वनस्पती कीटकभक्षी आहे, ओल्या मातीखाली तिच्या सूक्ष्म पिशव्या बारीक जीव पकडीत असतात, आणि जांभ्यावरचा तो मातीचा थर इतका पातळ असतो की चित्रासाठी पोटावर पडणारा माणूस आपल्या अंगाखाली ते सगळे चिरडून टाकतो. पुढच्या आठवड्यासाठी कामगिरी दिली गेली ती घराजवळच्या हातभर चौरस जागेची. त्या बाईंनी आणलेल्या चित्रात ओल्या दगडावर तेरड्याचे नुकतेच फुटलेले बोंड होते. साल आतल्या बाजूला वळून गुंडाळलेली आणि चार काळपट बिया शेवाळात रुतलेल्या. ते चित्र दुसऱ्या कोणाच्या नावावर खपले नसते.

सगळेच वर्ग असे नाहीत, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी छिद्र किती, वेग किती, रंग किती गडद करावेत, याचे ठरीव कोष्टक देऊन विद्यार्थ्याची बोळवण केली जाते. शेवटी पन्नास जणांच्या चित्रांवर एकच सोनेरी छटा चढते. आकाश बदलण्याची युक्ती शिकवणारे वर्ग तर या कलेच्या मुळावरच घाव घालतात, कारण निसर्गछायाचित्र हा दस्तऐवजही असतो. लंडनच्या वन्यजीव छायाचित्रस्पर्धेत २००९ साली पहिला आलेला, फाटकावरून उडी घेणारा लांडगा माणसाळलेला असावा असा निष्कर्ष निघताच परीक्षकांनी ते पारितोषिक काढून घेतले. त्या निर्णयाची आठवण प्रत्येक वर्गात करून दिली जावी.

त्याच स्पर्धेत २०१६ साली शहरी विभागाचे पारितोषिक मुंबईच्या नयन खानोलकर यांना मिळाले. आरेच्या वारली वस्तीतील अरुंद बोळातून रात्री जाणारा बिबट्या टिपण्यासाठी त्यांनी महिनोन्‌महिने कॅमेरा लावून ठेवला होता. दूरचे रान न गाठता महानगराच्या कुशीतला मुलूख त्यांनी पाहिला, आणि माणूस व श्वापद यांचे शेजारपण जगापुढे मांडले. अशी चिकाटी पडद्यावरून शिकवता येत नाही हे खरे. पण कोठे पाहावे, हे निश्चित शिकवता येते.

म्हणून कार्यशाळा चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी उपकरणांची सत्रे कमी करून चित्रांच्या चिकित्सेला अर्धा वेळ द्यावा, प्रत्येक वर्गात वनस्पती, कीटक वा पक्षी यांचा एक तरी अभ्यासक बसवावा, घरट्याजवळ जाऊन काढलेल्या चित्रांना सरसकट मज्जाव करावा, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील शिकणाऱ्यांसाठी हे सारे मराठीतून चालवावे.