व्हिएतनाम : चूक की सौदा?

युद्धकाळातल्या मैत्रीचं पुढे काय होतं, हा आपला विषय. आज त्यासाठी एक पुस्तक समोर ठेवू : रॉबर्ट मॅक्नमारा यांचं ‘इन रेट्रोस्पेक्ट’, प्रकाशन १९९५. हे गृहस्थ १९६१ ते १९६८ अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते. व्हिएतनाम युद्ध वाढवणाऱ्यांत ते अग्रभागी होते, आणि पाव शतकानंतर ‘आमचं चुकलं’ असं लिहिणारेही तेच. सत्तेत राहिलेला माणूस सहसा एवढं कबूल करत नाही. त्याचं श्रेय आपण आधीच देऊन टाकू.

अपयशाची अकरा कारणं ते मांडतात. तिथल्या राष्ट्रवादाची ताकद ओळखली नाही, त्या लोकांचा इतिहास ठाऊक नव्हता, अशी. यातलं काहीच खोटं नाही. आपला आक्षेप निराळा आहे : गोष्ट सुरू कुठून केली? पुस्तकाचा मुख्य भाग १९६१ पासूनचा आहे. गाठ मात्र त्याच्या सोळा वर्षं आधी बसली होती.

१९४५ कडे बघू. युद्धाच्या अखेरीस अमेरिकेची ओएसएस ही गुप्तचर संस्था हो ची मिन्ह यांच्या व्हिएतमिन्हला शस्त्रं आणि प्रशिक्षण देत होती, कारण शत्रू एकच, जपान. पॉट्सडॅमला ठरलं, की जपान्यांची शरणागती १६ अक्षांशाच्या उत्तरेला चीनने घ्यायची आणि दक्षिणेला ब्रिटनने. २ सप्टेंबरला हो ची मिन्ह यांनी हनोईत स्वातंत्र्य घोषित केलं, आणि भाषणाची सुरुवात केली ती अमेरिकेच्याच स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा आधार घेऊन.

त्याच महिन्यात ब्रिटिश जनरल ग्रेसी सायगावला पोहोचले. काम होतं जपान्यांना निःशस्त्र करण्याचं. त्यांनी २१ तारखेला लष्करी कायदा पुकारला, बंदिवासातल्या फ्रेंच सैनिकांना सोडवून शस्त्रं दिली. २३ तारखेला फ्रेंचांनी सरकारी इमारती ताब्यात घेतल्या. नंतरच्या लढाईत तर कालचे शत्रू, जपानी सैनिक, हेही वापरले गेले. आणि ग्रेसींची फौज कोणती? २०वी इंडियन डिव्हिजन. म्हणजे इम्फाळला जपान्यांशी लढलेले आपलेच जवान आणि गुरखे. नेहरूंनी जाहीर निषेध केला, पण त्यांना विचारतो कोण?

हे असं का झालं? इंडोचायना फ्रान्सला परत देऊ नये, असं रूझवेल्टना वाटत असे. शेवटी शेवटी तो आग्रहही सैल झाला, आणि एप्रिलमध्ये ते वारले. त्याआधी मार्चमध्येच द गॉल यांनी अमेरिकन राजदूताला बजावलं होतं, की आम्हाला मदत नाकारलीत, तर फ्रान्स रशियाच्या छायेत जाईल. युरोपात फ्रान्स सोबत हवा होता. ट्रुमन यांना हो ची मिन्ह यांनी पाठवलेल्या पत्रांना उत्तर गेलं नाही. १९५४ उजाडेपर्यंत फ्रेंचांच्या त्या युद्धाचा बहुतांश खर्च अमेरिकाच उचलत होती.

आता ‘चूक’ हा शब्द जरा तपासू. आपल्याकडे दोर आणि सापाचा दृष्टांत आहे. अंधारात दोराला साप समजणं हा भ्रम. दिवा आणला की तो जातो. पण दोर हा दोरच आहे हे ठाऊक असताना तो शेजाऱ्याच्या गळ्यात बांधला, तर त्याला भ्रम म्हणायचं का? मॅक्नमारांची बरीचशी कारणं अज्ञानाची आहेत. माहिती असती तर टळलं असतं, असा त्यांचा सूर. १९४५ मध्ये मात्र ओएसएसचे अधिकारी व्हिएतमिन्हसोबत राहून आले होते. दिवा होता. एकाचं स्वातंत्र्य देऊन दुसऱ्याची मैत्री राखली गेली. याला सौदा म्हणतात.

कुणी विचारेल, ‘१९४५ मध्ये १९६५ कुणाला दिसत होतं?’ रास्त प्रश्न आहे. पश्चिम युरोप सावरणं हे कारणही क्षुल्लक नव्हतं. पण पुढचं दिसण्याची गरजच नव्हती. किंमत कुणाच्या खिशातून जाते आहे, एवढं त्या दिवशीही दिसत होतं. पुढे ती ५८ हजारांहून अधिक अमेरिकनांनी आणि लाखो व्हिएतनामींनी प्राण देऊन चुकवली.

म्हणून मॅक्नमारांच्या ‘आमचं’ या शब्दापाशी आपण अडतो. त्यांचं ‘आम्ही’ वॉशिंग्टनपुरतं आहे. फ्रान्स, ब्रिटन त्यात नाहीत. सायगावात हुकुमावरून गोळी झेललेला भारतीय शिपाई तर कुणाच्याच ‘आम्ही’त नाही. दोस्तराष्ट्रांच्या कारभारात निर्णय सगळ्यांचा असतो, त्यामुळे जाब द्यायची वेळ आली की तो कुणाचाच राहत नाही.

पुस्तक वाचावंच. फक्त पहिल्या पानाआधी १९४५ चं हे न लिहिलेलं प्रकरण मनाशी जोडून घ्यावं. पुढच्या वेळी १९५४ चा जिनिव्हा करार पाहू. त्याच्या देखरेख आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, तेव्हा तिथे आपल्यालाही काही प्रश्न विचारावे लागतील. आज इथेच थांबू.