लिंगभिन्नता, बहुसांस्कृतिकता आणि जातीचा प्रश्न

लूस इरिगारे यांनी ‘स्पेक्युलम’ (१९७४) या ग्रंथात पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची परखड चिकित्सा केली. हे तत्त्वज्ञान ज्यास ‘मनुष्य’ म्हणते तो वस्तुतः पुरुषच होय आणि स्त्री ही त्याचे केवळ उणे रूप म्हणून उरते, हे त्यांनी दाखविले. यास्तव पुरुषाशी बरोबरी मागणे त्यांना अपुरे वाटते. स्त्री आणि पुरुष ही दोन भिन्न अस्तित्वे मानावीत, असे त्या म्हणतात.

‘बिट्वीन ईस्ट अँड वेस्ट’ (फ्रेंच १९९९, इंग्रजी २००२) या ग्रंथात त्या याच सिद्धान्तावर बहुसांस्कृतिकतेची उभारणी करतात. लिंगभिन्नता सर्व समाजांत आहे. म्हणून ती मूलभूत होय. जो आपल्या जोडीदाराचे वेगळेपण जपण्यास शिकतो, तो परक्या संस्कृतीचाही मान राखील, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

या ग्रंथाचा विचार आपण करावयास हवा, कारण त्यातील ‘पूर्व’ म्हणजे प्रामुख्याने भारत आहे. परंतु हा भारत योगाचा, श्वासाचा, प्राचीन स्त्रीपूजेचा आहे. प्लेटो आणि फ्रॉइड यांची उलटतपासणी घेणारी लेखणी येथे मवाळ होते. पेनेलोपी डॉइचर यांनीही २००२ च्या आपल्या ग्रंथात इरिगारे यांच्या बहुसांस्कृतिक विचारातील अडचणी दाखविल्या आहेत. आमचा आक्षेप मात्र याहून मूलगामी आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला. स्वजातीतच विवाह करण्याचे बंधन हे जातीचे सारतत्त्व होय, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह ही ते बंधन टिकविण्याची साधने होत, हे त्यांनी सिद्ध केले. याचा अर्थ स्पष्ट आहे. येथे स्त्री-पुरुषसंबंध आधी आणि समाजभेद नंतर, असा क्रम नाही. स्त्रीवरील नियंत्रणातूनच जात घडते आणि जातीनुसार स्त्रीत्वाचे मोलही ठरते. सवर्ण विधवा आणि अस्पृश्य स्त्री या दोघींना एकाच ‘दुसऱ्या’ अस्तित्वात कसे बसवावे? शिवाय जातिभेद ही आदराने जपावयाची भिन्नता नव्हे. ती श्रेणीबद्ध विषमता आहे.

ग्रंथाच्या शेवटी इरिगारे भिन्न संस्कृतींच्या मिश्रणातून समाजाची पुनर्रचना सुचवितात. बाबासाहेबांनीही १९३६ साली आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हटला होता. परंतु शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धा नष्ट झाल्यावाचून असे विवाह रूढ होणार नाहीत, हेही त्यांनी बजावले. इरिगारे यांच्या प्रेमविचारात ही दुसरी पायरी नाही.

मग त्यांचा विचार त्याज्य ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. संयुत्तनिकायातील भिक्खुनीसंयुत्तात सोमा थेरी माराला निरुत्तर करते: चित्त समाहित असता आणि ज्ञान प्रवर्तत असता स्त्रीत्वाचा अडसर कसला? ‘मी स्त्री’, ‘मी पुरुष’ असे ज्यास वाटते त्याच्याशीच माराने बोलावे, असा तिच्या उत्तराचा आशय आहे. लिंगभिन्नतेला आत्म्यासारखे नित्य मानणाऱ्या कोणत्याही तत्त्वज्ञानास हे उत्तर पुरेसे आहे. तथापि आपण या उत्तरावर विसंबून स्वस्थ बसतो. त्याच तिपिटकाच्या विनयात आठ गरुधम्म आहेत, आणि शंभर वर्षांच्या उपसंपन्न भिक्खुनीने त्याच दिवशी उपसंपन्न झालेल्या भिक्खूस वंदन करावे, असा त्यांतील पहिला नियम आहे. ते बुद्धवचन की उत्तरकालीन भर, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु संघाने ते शतकानुशतके पाळले, यात मतभेद नाही.

‘निर्वाणाला लिंग नाही’ असे म्हणत आसने मात्र लिंगानुसार मांडावयाची, या विसंगतीवर इरिगारे नेमके बोट ठेवतात. जातीचा प्रश्न त्यांनी आपल्याकडून शिकावा. हा प्रश्न आपण त्यांच्याकडून शिकावयास हरकत नसावी.