उघडा जांभा, झाकलेले शहर : जुने गोवे येथील चर्चवास्तूंच्या दर्शनाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

१९८६ साली ‘गोव्यातील चर्च आणि मठ’ या नावाने जो वास्तुसमूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला, तो वस्तुतः एका ओस पडलेल्या महानगराचा अवशेष आहे. मांडवीच्या दक्षिण तीरावरील हे शहर १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून जिंकून घेतले. पुढे ते पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याची राजधानी झाले. साथीच्या रोगांनी त्याची वस्ती हळूहळू घटत गेली आणि १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा औपचारिक दर्जा मिळाला, तेव्हा जुन्या शहराचा शेवट झाल्यातच जमा होता. घरे गेली, बाजारपेठा गेल्या, राजवाडे गेले. उरली ती मोजकी चर्च. त्यामुळे आज ‘जुने गोवे पाहणे’ आणि ‘चर्च पाहणे’ हे दोन शब्दप्रयोग एकाच अर्थाने वापरले जातात.

प्रस्तुत लेखात या पाहण्याच्या रूढ रीतीचा विचार करावयाचा आहे. वास्तूंचा इतिहास आणि शैली यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या वास्तू पाहणाऱ्याला काय दिसते, आणि जे दिसते ते केव्हाचे असते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ज्या रूपाला प्रवासी ‘प्राचीन’ म्हणून दाद देतो, त्याचा मोठा अंश विसाव्या शतकाच्या मध्यावर घडवला गेला आहे, आणि त्या दादेची किंमत वास्तूला चुकवावी लागत आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सोललेली भिंत

बॉम जेझूस चर्चचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले व १६०५ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. १९४६ मध्ये त्यास बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. पश्चिमाभिमुख दर्शनी भाग जांभा आणि काळा दगड यांत घडवलेला असून हा काळा दगड वसईहून आणल्याचे सांगितले जाते. आयोनिक, डोरिक, कोरिंथियन आणि संमिश्र असे स्तंभप्रकार एकाच दर्शनी भागावर आले आहेत. सर्वांत वर जेझुइट संघाची ‘आयएचएस’ ही अक्षरमुद्रा आहे. या कोरीव भागाचे कौतुक सर्वच मार्गदर्शिका करतात आणि ते यथार्थ आहे. परंतु प्रवाशाच्या मनावर ठसते ती कोरीव नक्षी नव्हे. त्याच्या मनावर ठसतो तो लालसर, खडबडीत, काळाने झिजल्यासारखा वाटणारा जांभ्याचा प्रचंड ठोकळा. वायव्येच्या कोपऱ्यातून घेतलेले, दर्शनी भाग आणि बाजूची भिंत एकत्र दाखवणारे छायाचित्र हे आता गोव्याचेच एक प्रतीक बनले आहे.

ही लाल भिंत मूळची उघडी नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वर्णनानुसार दर्शनी भाग वगळता चर्चचा बाह्यभाग चुन्याच्या गिलाव्याने आच्छादलेला होता व तो गिलावा नंतर काढून टाकण्यात आला. हे ‘नंतर’ म्हणजे १९५० च्या दशकाचा प्रारंभ. पोर्तुगालमधील राष्ट्रीय स्मारकांच्या संवर्धनाचे काम पाहणारे वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार द कास्त्रु यांच्याकडे त्या वेळी गोव्यातील स्मारकांच्या दुरुस्तीचे काम सोपवण्यात आले होते. पोर्तुगालच्या स्मारक खात्याने सालाझारच्या राजवटीत मध्ययुगीन वास्तूंवरील नंतरचे थर काढून ‘मूळ’ दगड उघडा करण्याची पद्धत रूढ केली होती. ग्रॅनाइटच्या देशात रुळलेली ती पद्धत जांभ्याच्या देशात जशीच्या तशी आली.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होत जातो. परंतु तो मुळातच सच्छिद्र आहे. कोकणात किंवा गोव्यात ज्याने जांभ्याचे घर बांधले आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात चुन्याचा गिलावा हा निव्वळ शोभेचा भाग नव्हता. पावसाने झिजवायचे ते त्या थराला, दगडाला नव्हे, आणि पावसाळा सरल्यावर त्यावर पुन्हा चुन्याचा हात फिरवायचा, अशी ही देखभालीची व्यवस्था होती. गिलावा काढल्यानंतर झीज भोगण्याचे काम दगडाकडे आले.

हानी केवळ भौतिक नाही. मूळ कल्पनेत पांढऱ्या, सपाट देहापुढे उभारलेला गडद, कोरीव दगडाचा मुखभाग असा विरोध होता. त्या विरोधामुळे दर्शनी भागाकडे नजर खेचली जाई. आज मुखभाग आणि बाजूच्या भिंती जवळपास एकाच रंगात बुडाल्या आहेत. ज्या साधेपणाला आपण ‘भव्य’ म्हणतो, तो वास्तुकाराच्या रचनेतील एक पद गाळल्यामुळे निर्माण झालेला आहे. पाठ बिघडलेली ओवी गोड लागावी आणि तीच मूळची म्हणून उद्धृत होत राहावी, असाच हा प्रकार आहे. हस्तलिखितांच्या बाबतीत आपण पाठचिकित्सेचा आग्रह धरतो. भिंतीच्या बाबतीत मात्र डोळ्यांना जे रुचले तेच प्रमाण मानतो.

उत्तरकाळातील प्राचीनता

ही एकटी घटना असती तर तिला अपवाद म्हणता आले असते. तसे नाही. आल्बुकेर्कच्या विजयाचे स्मरण म्हणून १५१० मध्ये उभारलेले व १५५० मध्ये वाढवलेले सेंट कॅथरिनचे चॅपेल १९५२ मध्ये पुन्हा बांधले गेले. मांडवीच्या धक्क्यावरून शहरात येणाऱ्या वाटेवर वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने १५९९ च्या सुमारास उभारलेली व्हॉइसरॉयची कमान १९५४ मध्ये संपूर्णपणे नव्याने रचण्यात आली. दोन्ही ठिकाणी आज प्रवाशासमोर येतो तो उघडा जांभा.

या तारखा बोलक्या आहेत. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाल्यावर गोव्याचा प्रश्न तीव्र झाला होता. १९५१ मध्ये पोर्तुगालने घटनेत बदल करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. १९५२ हे सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या मृत्यूचे चारशेवे वर्ष होते. आपली मुळे या भूमीत चार शतके खोल आहेत, हे जगाला दाखवण्याची गरज राज्यकर्त्यांना जितकी या दशकात होती तितकी आधी कधी नव्हती. पांढरीशुभ्र, दरवर्षी रंगवलेली भिंत वय सांगत नाही. सोललेली भिंत सांगते. दुरुस्तीमागील प्रत्येक निर्णय राजकीय होता असे म्हणणे अतिरेकाचे होईल, कारण संवर्धनाची तत्कालीन अभिरुचीही त्याच दिशेची होती. तथापि त्या अभिरुचीचा आणि राजवटीच्या गरजेचा येथे मेळ बसला, हे नाकारता येत नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी ती राजवट संपली. तिने शेवटच्या दशकात उभा केलेला देखावा मात्र ‘मूळ स्वरूप’ म्हणून जपला जात राहिला.

येथे एक आक्षेप संभवतो. उघड्या जांभ्याचे रूपही आता सत्तर वर्षांचे झाले आहे. गोमंतकीयांच्या काही पिढ्यांनी बॉम जेझूस असेच पाहिले आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेतही स्मारकाच्या घडणीत सर्व कालखंडांनी घातलेल्या योग्य भरीचा आदर राखावा, असे तत्त्व आहे. मग या दशकाचाच अनादर का करावा? आक्षेपात तथ्य आहे, पण ‘भर’ हा शब्द निर्णायक आहे. गिलावा काढणे ही वजाबाकी होती. आणि प्रत्येक पावसाळ्यात ती पुढे चालूच राहते. स्थिर झालेला इतिहास आणि चालू असलेली झीज यांना एकच संरक्षण देता येत नाही.

पांढरे कॅथेड्रल आणि पडका मनोरा

रस्त्यापलीकडील से कॅथेड्रल याच दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्याचे काम १५६२ मध्ये सुरू झाले, म्हणजे बॉम जेझूसच्या बत्तीस वर्षे आधी. वास्तू सेंट कॅथरिनला अर्पण केली आहे, कारण आल्बुकेर्कचा विजय तिच्या सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबरला झाला. दोनपैकी एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला व पुन्हा बांधला गेला नाही. त्या तुटीमुळे दर्शनी भागाला आलेला कलता तोल ही या वास्तूची ओळखच झाली आहे. मात्र भिंती पांढऱ्या असल्यामुळे अनेकांना हे कॅथेड्रल बॉम जेझूसपेक्षा ‘नवे’ वाटते. वयाचा हा निवाडा रंगावरून होतो, आणि तो साफ चुकतो.

याउलट होली हिलवरील सेंट ऑगस्टिनचे अवशेष. धार्मिक संघ बरखास्त झाल्यावर १८३५ मध्ये हा मठ रिकामा झाला, १८४२ मध्ये चर्चची कमानदार छपाई कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भागाचा मोठा हिस्सा पडला. सुमारे ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा आज उभा असलेला भाग हाही उघडा जांभाच आहे. पण येथील उघडेपणा खरा आहे. तो माणसांनी पाठ फिरवल्याचा आणि पडझडीचा पुरावा आहे. बॉम जेझूसला या अवशेषाचे रूप चढवले गेले, जिवंत वास्तूला भग्न वास्तूचा वेश देण्यात आला, हा दोहोंतील फरक आहे. याच अवशेषांतील उत्खननात सापडलेल्या अस्थी, १६२४ मध्ये शिराझ येथे मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या असाव्यात, हे हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील जनुकीय चाचण्यांच्या आधारे २०१३ मध्ये मांडले गेले. पर्यटकांच्या बसगाड्या मात्र बहुधा खालच्या चौकातूनच परततात.

जे दिसत नाही

चर्चच्या सभोवतालची हिरवळ ही या दर्शनाची दुसरी फसगत होय. मोकळ्या मैदानात ऐसपैस उभ्या असलेल्या वास्तू पाहताना त्या दाट वस्तीच्या शहरातील इमारती होत्या, हे भानच राहत नाही. से कॅथेड्रलजवळ आदिलशाही वाड्यात इन्क्विझिशनचे न्यायालय भरत असे. १५६० मध्ये सुरू झालेली ही संस्था, मधला अल्प खंड सोडता, १८१२ पर्यंत चालली. तिची इमारत आज नाही आणि म्हणून दर्शनाच्या क्रमात तिला स्थानही नाही. तिसवाडीतील देवळे ज्या काळात पाडली गेली त्याच काळाच्या या वास्तू आहेत. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठातील पुरातत्त्व संग्रहालयात कदंबकालीन वीरगळ आणि सतीशिळा ठेवलेल्या आहेत. आदिलशाही वाड्याच्या दरवाजाचे खांब सेंट कजेटनच्या चर्चजवळ उभे आहेत. हे सारे पाहता येते, परंतु पाहण्यासाठी चर्चकडून थोडे तोंड वळवावे लागते.

मराठीच्या अभ्यासकाला आणखी एका अवशेषाची उपेक्षा खटकावी. सेंट पॉल कॉलेजची केवळ एक कमान आज शिल्लक आहे. १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना याच कॉलेजात सुरू झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ पुढे १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, ते गोव्यात रुजलेल्या या मुद्रणपरंपरेतूनच. आपल्या भाषेच्या मुद्रित इतिहासाचा एक उगम रस्त्याच्या कडेला उभा आहे आणि त्यावरून वाहने जातात, थांबत नाहीत.

भाविकाचे दर्शन याहून निराळे असते. ३ डिसेंबरच्या फेस्ताला किंवा दशवार्षिक शवदर्शनाला येणारा मनुष्य भिंतीचा रंग पाहायला आलेला नसतो. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालेल्या शवदर्शनात रूढीप्रमाणे झेवियर यांचे अवशेष बॉम जेझूसमधून से कॅथेड्रलमध्ये नेण्यात आले. ज्या रुप्याच्या पेटीपुढे लोक नतमस्तक होतात ती सतराव्या शतकात गोमंतकीय रुपेकारांनी घडवली. खालचे संगमरवरी स्मारक फ्लॉरेन्सच्या फोजिनीचे, तस्कनीच्या तिसऱ्या कोसिमोने पाठवलेले. मार्गदर्शक नेमाने फोजिनीचे नाव सांगतात. रुपेकारांची नावे कोणी विचारत नाही.

पुनर्लेपनाचा प्रश्न

२०२० मध्ये बॅसिलिकेच्या तत्कालीन रेक्टरांनी पावसाने होणाऱ्या हानीकडे लक्ष वेधून भिंतींना पुन्हा गिलावा करण्याची मागणी जाहीरपणे केली. तिला होणारा विरोध मुख्यतः परिचित रूप हरवेल या भीतीतून येतो. ही भीती समजण्यासारखी असली, तरी वास्तूपेक्षा वास्तूच्या छायाचित्रावर अधिक प्रेम करणारी आहे. खरी अडचण वेगळीच आहे. हे काम सिमेंटने करता येणार नाही. सिमेंट ओल आत कोंडते आणि जांभा आतून कुजतो. त्यासाठी मुरवलेला चुना, तो लावणारे गवंडी आणि दर पावसाळ्यानंतर नियमित डागडुजीची तरतूद, अशा तिन्ही गोष्टी लागतील. एकदा गिलावा करून उद्घाटनाचा फलक लावणे सोपे आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास परांची बांधून चुन्याचा हात फिरवणे हे स्मारकांच्या अंदाजपत्रकात बसत नाही. लेपनाला अनुकूल मत देणाऱ्यांनी या वार्षिक खर्चाचा हिशेब प्रथम मांडला पाहिजे. तोवर दर्शनी भागाजवळ एवढा एक फलक लावण्यास हरकत नसावी, की बाजूच्या भिंती १९५० च्या दशकापर्यंत पांढऱ्या होत्या.