विकासांक काय लपवतो?

विशेष बालवाडीतील मुलाची प्रगती केवळ विकासांकावरून ठरवणे आम्हांला चुकीचे वाटते. विकासांक म्हणजे विकासवय भागिले प्रत्यक्ष वय, गुणिले 100. समजा, 40 महिन्यांच्या मुलाचे विकासवय 20 महिने आहे. विकासांक आला 50. वर्षाने वय 52, विकासवय 26. विकासांक पुन्हा 50! 'प्रगती नाही' असा शेरा पडतो, पालक खचतात. प्रत्यक्षात मूल 6 महिन्यांची मजल मारून आलेले असते. विकासांक तुलना करतो ती सरासरी मुलाशी, त्या मुलाच्या कालच्या स्थितीशी नव्हे.

मोजपट्टीलाही मर्यादा असतात. डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यातील बालकांच्या अभ्यासावरून सिद्ध केलेली 'डासी' श्रेणी मोलाची आहे. पण ती 30 महिन्यांपर्यंतचाच विकास मोजते. शिवाय, मूल जिना चढते का, असे विचारले, तर अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या, जिना न पाहिलेल्या मुलाने काय करावे?

निदानासाठी विकासांक जरूर काढावा. शिकवण्यासाठी मात्र वही हवी : भाकरीचा तुकडा मोडताना मुलाला हात धरावा लागतो, खूण पुरते, की नुसते सांगितले तरी चालते? दर महिन्याला तारीख घालून एवढे लिहिले, तरी न हललेल्या आकड्यामागची वाढ शिक्षकांना दिसू लागेल.